विनाअनुदानित कॉलेजचा पगार समाजकल्याणच्या हप्त्यावर का अडतो?

जुनी_लेथ

परवा माळा आवरताना माझं नेमणुकीचं पत्र सापडलं. १९९४ सालचं. यंत्र अभियांत्रिकी विभाग, पद अधिव्याख्याता. तळाशी जांभळ्या शाईचा शिक्का: 'महाविद्यालय विनाअनुदानित तत्त्वावर चालते. वेतनाची कोणतीही जबाबदारी शासनावर राहणार नाही.' एकोणतीस वर्षं त्या शिक्क्याखाली नोकरी केली. आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं स्टाफरूममध्ये महिना उलटला की एकच चौकशी असायची, "समाजकल्याणचा हप्ता पडला का?"

सरकारचा आमच्या पगाराशी संबंध नाही, हे शिक्का मारून सांगितलेलं. मग सरकारचा हप्ता आला नाही की पगार कसा काय अडायचा? नोकरीत असताना हा प्रश्न पडला नाही, कारण तेव्हा कर्जाचा हप्ता भरायची घाई. आता वेळ आहे, म्हणून धागा काढतोय.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. १९८३ च्या आधी महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर दारं मोजकी. पुण्याचं सीओईपी, १८५४ पासूनचं. मुंबईत व्हीजेटीआय आणि सरदार पटेल. सांगलीचं वालचंद. कराड, औरंगाबाद, अमरावतीची सरकारी कॉलेजं, नागपूरचं व्हीआरसीई, मागाहून नांदेड. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांची मुलं कर्नाटकात देणगी भरून शिकून यायची. वसंतदादा पाटलांच्या सरकारचं म्हणणं असं की पोरंही जातात, पैसाही जातो आणि नवी कॉलेजं काढायला तिजोरीत काही नाही. मग ज्या संस्था पदरमोड करून काढायला तयार आहेत त्यांना काढू द्या. झालं. एकाच वर्षात लोणी, साखराळे, वारणानगर, बुधगाव, कोल्हापूर, शेगाव अशी नावं इंजिनिअरिंगच्या यादीत आली. त्याआधी यातल्या बहुतेक गावांची ओळख कारखाना, सूतगिरणी नाहीतर देवस्थान एवढीच होती.

'शिक्षणाचं बाजारीकरण' हा शब्द तेव्हापासून ऐकतोय. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाजार म्हणजे विकणारा भाव सांगणार, घेणारा घासाघीस करणार आणि खिशातून पैसे काढणार. आमच्याकडे भाव सरकारी समिती ठरवते, गिऱ्हाईक सरकारी कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेशफेरीतून) येतं आणि पैशाचा मोठा वाटा सरकारच शिष्यवृत्ती म्हणून भरतं. अनुदान बंद झालेलंच नाही, त्याचा पत्ता बदलला. पूर्वी ते मास्तरच्या पगाराच्या नावाने यायचं, तेव्हा सरकार मास्तरचं देणं लागायचं. आता ते पोराच्या फीच्या नावाने येतं. सरकार पोराचं देणं लागतं, पोरगं कॉलेजचं, कॉलेज मास्तरचं. तीन उधाऱ्या एकमेकींना टांगलेल्या, आणि कडेलोट झाला की तळाला मास्तर.

चुकत असेन तर सांगा. शिव्या द्यायच्या तर अभ्यास करून द्या.

फिरकी

रुमाल टाकून ठेवतो. साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट कसे झाले हा भाग आला की उठवा.

कृष्णाकाठ

सर, लेख पटला, पण 'शिक्षणसम्राट' म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा मला लई राग येतो. फिरकीभाऊ, तुमच्यावर नाही हो.

माझी अॅडमिशन १९८६ ची. दोन एकर ऊस, तोही आजोबांच्या नावावर, वाटणी व्हायची होती. बारावीला मार्क बरे, पण वालचंदला लागेल एवढे नाहीत. आमच्या भागात नवीन कॉलेज निघालं नसतं तर बी.एस्सी. करून कारखान्यात केमिस्ट झालो असतो, तेही चेअरमनच्या ओळखीने. देणगी दिली की. उसाचं बिल आणि आत्याच्या पाटल्या. पावती निम्म्याचीच मिळाली, उरलेल्याचं कुणी विचारायचं नसतं. कॉलेज म्हणजे पत्र्याची दोन लांब शेडं. आम्ही जुलैत आलो, लेथ (लोखंड कातायचं मशीन) दिवाळीनंतर आली. ट्रॅक्टरमधनं ती उतरवायला आम्हीच पोरं होतो, आणि वर्कशॉपचे सर कराडच्या सरकारी कॉलेजातनं निवृत्त झालेले, ते ओरडत होते, "बेड धरू नका, पायाला धरा!"

आज पिंपरीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. त्यातली निम्मी असल्याच शेडातनं आलेली. म्हणून वसंतदादांना नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, तो माणूस १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाला होता, गोळी खाल्ली होती. भिंत दिसली की फोडायची सवय. पलीकडे काय आहे ते मागाहून बघू.

जुनी_लेथ

कृष्णाकाठ, पायाला धरा हे अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. बेडला धक्का लागला की कातलेल्या कामात जन्मभर टेपर (निमुळतेपणा) येतो. माझ्या आयडीचा उगम तोच.

तुमचं म्हणणं मला नाकारायचंच नाही. मी स्वतः अशाच पहिल्या पिढीच्या मुलांना शिकवलं. १९८३ चा निर्णय चुकला असं धाग्यात कुठेही लिहिलेलं नाही. माझा प्रश्न निर्णयानंतरच्या चाळीस वर्षांचा आहे. पलीकडे काय आहे ते मागाहून बघू, हे ठरलं खरं, पण मागाहून बघितलं कुणी?

काळाकोट

कोर्टाने बघितलं. चार-पाचदा बघितलं आणि प्रत्येक वेळी वेगळं दिसलं.

थोडक्यात सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. देणगीविरोधी कायदा महाराष्ट्राने १९८७ लाच केला. म्हणजे दार उघडल्यावर चार वर्षांत. कृष्णाकाठ यांची निम्मी पावती १९८६ ची, त्यामुळे ते सुटले (गंमत करतोय). १९९२ ला मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी (म्हणजे हीच देणगी) बेकायदा ठरवली. मग १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल आला. निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट'. फ्री सीटला सरकारी कॉलेजएवढी फी, पेमेंटवाल्याने स्वतःचा आणि त्याचाही खर्च उचलायचा. कागदावर छान. प्रत्यक्षात क्लास लावून मार्क काढलेला शहरातला डॉक्टरचा मुलगा फ्री सीटवर, आणि त्याची फी भरणारा खेड्यातला बागायतदार पेमेंट सीटवर, अशी तक्रार तेव्हा सर्रास ऐकू यायची.

२००२ ला टी.एम.ए. पै निकाल, अकरा न्यायमूर्तींचं पीठ. उन्नीकृष्णनची योजना मोडीत निघाली. संस्था काढणं हा मूलभूत हक्क, फी ठरवायला मोकळीक, पण नफेखोरी नको. 'वाजवी शिल्लक' चालेल. वाजवी म्हणजे किती, यावर पुन्हा भांडण. २००३ च्या इस्लामिक अकादमी निकालाने निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या बसवल्या, एक प्रवेशाची आणि एक फीची. २००५ ला इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन, हा तर आपला घरचाच खटला. विनाअनुदानित संस्थांवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही, असं सात न्यायमूर्तींनी सांगितलं. संसदेने लगेच त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणलं आणि आरक्षणाची वाट परत उघडली. आज आपल्याकडे फी ठरते ती २०१५ च्या राज्य कायद्याखालच्या शुल्क नियामक प्राधिकरणात.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला हे धरून आहे. खासगी संस्था सरकारी चौकटीत किती बसवायची, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदललं. धोरण म्हणून शांतपणे कुणी ठरवलं नाही. फिर्यादी जसे आले तसं ते घडत गेलं.

फिरकी

म्हणजे नफा नाही, शिल्लक. देणगी नाही, विकास निधी. संस्थाचालक नाही, शिक्षणमहर्षी. मराठी समृद्ध झाली म्हणायची.

बॅलन्सशीट

मी लेखा विभागात आहे. कॉलेजचं नाव विचारू नका, जिल्हाही नको. जुनी_लेथ सरांनी जे तीन उधाऱ्यांचं लिहिलंय ते मी रोज एक्सेलमध्ये बघतो. आकडे सोयीचे घेऊन दाखवतो.

समजा एका वर्गात साठ मुलं, फी वर्षाला एक लाख. त्यात आठ एससी-एसटी, सहा व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसी (विशेष मागास). यांची फी शंभर टक्के सरकार भरतं. झाले चौदा लाख. पंधरा ओबीसी आणि अठरा खुल्या गटातले ईबीसीवाले (आर्थिकदृष्ट्या मागास). यांची निम्मी सरकार, निम्मी पालक. साडेसोळा आणि साडेसोळा. उरले तेरा, पूर्ण फी भरणारे. बेरीज करा. साठ लाखांतले साडेतीस सरकारकडून. निम्म्याहून किंचित जास्त. आता जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. निम्मी भरणाऱ्या तेहतीस जणांत वीस मुली धरा, अजून दहा लाख सरकारकडे गेले. साडेचाळीस. म्हणजे साठातले दोन तृतीयांश, आणि आमच्या पाटीवर 'कायम विनाअनुदानित'.

मुलींची फी माफ झाली याचा मला आनंदच आहे, माझी पुतणी त्यातच शिकतेय. पण पालकाचे पन्नास हजार जुलैत रोख यायचे. सरकारचे त्याच वर्षी येतील याची खात्री नाही. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज, मग कॉलेजची मान्यता, मग जिल्हा, मग पुणे, मग निधी उपलब्ध झाल्यावर. आधार बँकेला जोडलेला नसला की अर्ज परत. एससी शिष्यवृत्तीचा केंद्राचा साठ टक्के वाटा आता थेट मुलाच्या खात्यात पडतो. मग तो त्याच्याकडून मागायचा. बापाच्या दवाखान्याला लागले असतील तर काय मागणार? मी दोनदा फोन करतो, तिसऱ्यांदा करवत नाही.

आणि विजेचं बिल थांबत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, विद्यापीठाची संलग्नता फी थांबत नाही. सगळ्यात जास्त थांबू शकणारी गोष्ट कोणती? ज्याने अजून राजीनामा दिलेला नाही त्याचा पगार.

एक अजून, हे लिहू की नको असं झालंय. फी ठरते खर्चावर, आणि खर्चात मोठा आकडा पगाराचा. त्यामुळे काही ठिकाणी पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि दोन दिवसांनी त्यातला ठरलेला भाग रोख परत द्यावा लागतो. कागदावर सातवा वेतन आयोग, खिशात चौथा. कुठे ते विचारू नका म्हटलं ना.

जुनी_लेथ

बॅलन्सशीट, तुमच्या हिशोबाने माझा धागा वसूल झाला. परतीच्या पाकिटाबद्दल मी लिहिणार नव्हतो, तुम्ही लिहिलंत. माझ्या बाबतीत २०१४ ते २०१६ मध्ये अकरा महिन्यांचा पगार अडकला होता, त्यातला सात महिन्यांचा मिळाला. बाकीचं 'संस्थेवरचं प्रेम' या खात्यावर जमा.

तासिकावाली

तुम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना वाटतं बाजार फक्त तुमच्याकडे आला. मी मराठवाड्यात एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. अनुदानित बरं का. विभागात मंजूर पदं तीन, भरलेलं एक, त्या सरांना दोन वर्षं उरलीत. बाकी सगळं आम्ही सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालंय, पीएच.डी. झालीय. तास घेतला तर पैसे. दिवाळीला सुट्टी म्हणून पैसे नाहीत, उन्हाळ्यात परीक्षा म्हणून तास नाहीत, गणेश विसर्जनाला गाव बंद म्हणून नाहीत. दरवर्षी जुलैत नवी मुलाखत, त्याच समितीपुढे, त्याच साडीत. नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल मात्र आम्हीच लिहायची. एनएसएसचं शिबिर आम्हीच न्यायचं. ते 'सहकार्य'.

आमच्याकडे कुणी खासगीकरणाचा आदेश काढला नाही. जागा नुसत्या रिकाम्या ठेवल्या. विनाअनुदानित कॉलेजांनी सरकारला एक गोष्ट शिकवली की मास्तर एवढ्या कमी पैशातही मिळतो, आणि मग सरकारने तो भाव स्वतःच्या कॉलेजात लावला.

कायम जागा निघाली की तिचा 'रेट' काय, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. तो आकडा मी लिहीत नाही. माझ्या वडिलांची जमीन विकली तरी तो भरणार नाही एवढं कळतं. म्हणजे बाजार आहेच की. विद्यार्थ्याच्या सीटचा नाही, आमच्या खुर्चीचा.

कृष्णाकाठ

ताई, त्याच साडीत हे वाचून गलबललं. बोलायला काही नाही.

कंपाला_कट्टा

मी गेली चौदा वर्षं युगांडात आहे, औषधांच्या व्यवसायात. इथल्या मकेरेरे विद्यापीठाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तासिकावालीताईंचं वाचून तीच आठवली.

मकेरेरे १९२२ चं. एके काळी पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत मानाचं. सगळा खर्च सरकारचा, वर मुलांना हातखर्चाला भत्ता. त्याला पोरं 'बूम' म्हणायची. ऐंशीच्या दशकात यादवी आणि कर्जाने सरकार खंगलं. भत्ते कापायला घेतले, संप झाला, १९९० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी मारले गेले. मग विद्यापीठाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फी भरणारे खासगी विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळचे वर्ग काढले आणि त्या फीतला वाटा विभागांना, शिक्षकांना मिळू लागला. दशक संपेपर्यंत बहुसंख्य विद्यार्थी फी भरणारे. जागतिक बँकेच्या मंडळींनी तर आफ्रिकेला आदर्श म्हणून हे उदाहरण दाखवलं.

मग काय झालं? ज्याचा कोर्स खपेल त्याला पैसा. विभागाविभागांत गिऱ्हाइकं ओढायची चढाओढ, एकाच विषयाची वेगवेगळ्या नावांची दुकानं. हॉल तेवढेच, मुलं कैकपट. खिडकीतून लेक्चर ऐकणाऱ्यांचे फोटो इथल्या पेपरांत यायचे. महमूद ममदानी यांनी यावर कडक लिहिलंय. (हो, तेच, न्यूयॉर्कच्या जोहरान ममदानींचे वडील. इदी अमीनने १९७२ ला आशियाई लोकांना हाकललं त्यात हेही होते.) त्यांचा मुद्दा ढोबळमानाने असा की सार्वजनिक संस्थेत बाजार शिरला आणि त्याने संशोधन, मूळ विषय, सगळं पोखरलं.

आणि जुनी_लेथ सरांसाठी खास: २०१६ मध्ये प्राध्यापक संपावर गेले ते याच खासगी फीतून मिळायच्या भत्त्याची थकबाकी मागत. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी विद्यापीठच बंद केलं, ते उघडलं दुसऱ्या वर्षी. फरक एवढाच की इथे सरकारी विद्यापीठाच्या आवारातच बाजार भरला, तुमच्याकडे आवाराबाहेर. थकीत पगाराचा रांगेतला नंबर मात्र दोन्हीकडे तोच.

फिरकी

युगांडापर्यंत गेला धागा! आता कुणी चिली नका आणू, जेवायचं आहे.

खुला_भाव

चिली नाही आणत, पण बाजूने बोलायला कुणीतरी हवं ना.

सगळे बाजाराला झोडताय आणि धागाकर्ते स्वतःच म्हणताहेत की हा बाजार नाही. मग दोष बाजाराचा कसा? भाव बांधलेला, प्रवेश बांधलेला, अभ्यासक्रम विद्यापीठाने बांधलेला. चांगलं कॉलेज आणि भिकार कॉलेज यांच्या फीत म्हणावा तसा फरक पडत नाही. अशा ठिकाणी चांगलं व्हायचं कुणी कशाला? सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर थेट मुलाला द्यावी आणि बाकी सगळं सोडून द्यावं. पोरं चांगल्याकडे जातील, भिकार बंद पडेल. आणि बंद पडतातच आहेत. सीटा ओस पडल्या, तेव्हा एआयसीटीईला (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला) २०२० पासून काही वर्षं नवी कॉलेजं थांबवावी लागली. पुण्यातलं आयटी आज ज्या मुलांवर उभं आहे ती कुठून आली? सगळी सीओईपीतून?

जुनी_लेथ

खुला_भाव, पुण्याच्या आयटीचं मान्य. कृष्णाकाठ यांनी तेच सांगितलं.

पण 'भिकार बंद पडेल' हे वाक्य मी आतून बघितलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हॉटेल बंद पडलं तर आपण शेजारच्यात जेवतो. कॉलेज एका दिवसात बंद पडत नाही, ते सात-आठ वर्षं मरत राहतं. आधी ग्रंथालयातली मासिकं बंद होतात. मग लॅबचा असिस्टंट दुसरीकडे जातो आणि त्याचं काम शिपाई करतो. मग चांगले मास्तर जातात. ज्यांना कुठे जाता येत नाही ते उरतात, त्यात काही वर्षं मीही होतो. या सगळ्या काळात दर जुलैला नवी पोरं आत येत असतात, कारण बाहेरून इमारत तशीच दिसते आणि एप्रिलपासून आम्हीच मास्तर गावोगावी बारावीच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना आणत असतो. प्रत्येकाला पाच अॅडमिशनचं टार्गेट. मी पंचावन्नाव्या वर्षी मोटारसायकलवर जत तालुका पालथा घातलाय. बाजार म्हणून बघायचं तर मीच सेल्समन होतो, मलाच माहीत होतं माल कसा आहे, आणि समोरच्या माऊलीने चहा ठेवला होता.

पोरगं हे गिऱ्हाईक एकदाच होतं. फसलं तर दुसऱ्यांदा पहिलं वर्ष घेत नाही. डी.एड.चं आठवा. पोती भरून कॉलेजं निघाली, भरती थांबली, एकामागून एक बंद. कॉलेजं सुधारली नाहीत, नुसती गेली. त्या पदविका घेतलेल्या पोरांचं काय, हे कुठल्या ताळेबंदात आहे?

दुसरं. मोकळं सोडून काय होतं तेही आता दिसतंय. २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांची एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. संगणकाच्या जागा सुसाट, मेकॅनिकल-सिव्हिलचे वर्ग कोपऱ्यात. माझ्या एका माजी सहकाऱ्याने पंचवीस वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवलं, आता तो रात्री यूट्यूब बघून सकाळी पायथन शिकवतो. मागणी तसा पुरवठा, हे अगदी खरं. पुरवठ्याला विचारा कसं वाटतं.

खुला_भाव

चहा ठेवलेल्या माऊलीला उत्तर नाही माझ्याकडे. पण वेळेवर पैसे हा मुद्दा आपला समान आहे ना? त्यावर तरी एकमत नोंदवा.

जुनी_लेथ

नोंदवलं. महिन्याच्या एक तारखेला सरकारचा हप्ता आला असता तर हा धागा मी काढलाच नसता, माळाच आवरत बसलो असतो.

तासिकावाली

एकमतात मला धरू नका. वेळेवर येणारे कमी पैसे हे कमीच असतात.

घोडनदी

नमस्कार मंडळी. मी नेहमी नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. माझं शिरूरला गॅरेज आहे. मुलगी यंदा सीईटीला ब्याण्णव पर्सेंटाइल. उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या खूप खालचा. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतात, कॉम्प्युटरला सीट देतो, आत्ता पंचवीस हजार भरून बुक करा, मुलींना फी माफ आहेच म्हणाले. दुसरीकडे कॅपच्या पहिल्या फेरीत जिल्ह्याबाहेरच्या एका साध्या कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) लागतंय. विद्यापीठाची इमारत लय भारी आहे. तिथले एक सर म्हणाले हेच पूर्वी कॉलेज होतं, आता विद्यापीठ झालं, म्हणजे वरचढ. काय करू?

बॅलन्सशीट

दादा, आत्ता काही भरू नका. आधी हे वाचा.

मुलींच्या फी माफीच्या शासन निर्णयात खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. त्याच इमारतीत ते कॉलेज म्हणून असते तर मुलीला माफी मिळाली असती. विद्यापीठ झाल्यावर नाही. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरणही ठरवत नाही. फोनवर 'माफी आहे' म्हणणारा टार्गेटवरचा पोरगा आहे, त्याला म्हणावं हे तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याने द्या. देणार नाही. विद्यापीठाची स्वतःची सवलत असते कधी कधी, तीच तो माफी म्हणून सांगत असेल. ती किती वर्षं आणि कुठल्या सीजीपीएच्या अटीवर, ते विचारा.

कॅपच्या कॉलेजातही माफी शिक्षण फी आणि परीक्षा फीची. विकास निधी, वसतिगृह, मेस वेगळं. प्रवेशाच्या दिवशी विकास निधीची रक्कम विचारा आणि पावती पूर्ण रकमेचीच घ्या.

काळाकोट

दुजोरा. आणि सगळी जुनी कॉलेजं विद्यापीठ व्हायला का धावताहेत, याचं उत्तर बॅलन्सशीट यांच्या पहिल्या परिच्छेदात आहे.

जुनी_लेथ

घोडनदी, मुलीला विचारा तिला काय आवडतं. ईएनटीसी वाईट नाही. दुसऱ्या फेरीत पर्याय सुधारू शकतो, तोवर फ्रीझ (लागलेली सीट पक्की) करू नका.

कॉलेज बघायला जाल तेव्हा गेटवरची कारंजी बघू नका. वर्कशॉपमध्ये जा, लेथच्या बेडवर बोट फिरवा. तेल लागलं तर मशीन चालतंय. धूळ लागली तर परत या. ईएनटीसीच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप लावून दाखवा म्हणा. आणि कॅन्टीनमध्ये एखाद्या तरुण मास्तरशेजारी बसून सहज विचारा, पगार कुठल्या महिन्यापर्यंतचा झालाय.

घोडनदी

सर, आज जाऊन आलो. लेथला तेल होतं. ऑसिलोस्कोप दोन चालू, तीन झाकलेले. मास्तर मार्चपर्यंतचा म्हणाले. आज जुलैची अकरा. हे बरं का वाईट?

बॅलन्सशीट

बरं म्हणायचं. आमचा जानेवारीपर्यंतचा झालाय.